नर्मदेचं ओलं फडकं

गासच्या नर्मदेला गाव हसायचं. धुळीचं वादळ येऊन गेलं की बाकीच्या बायका हिराचा झाडू घेऊन घर झोडपायच्या, आणि ही बया शिडीवर चढून आढ्यापासून ओलं फडकं फिरवत बसायची. आधी आढं, मग कोनाडे, मग फडताळ, सगळ्यात शेवटी जमीन. त्या दिवशी कोरडा झाडू घरात येणार नाही म्हणजे नाही. शेजारणी विचारत, घराला न्हाऊ घालतेस की काय? नर्मदेचं उत्तर ओटीवर धापा टाकत बसलेलं असे. तिचा नवरा आत्माराम, दमेकरी.

दमा जुनाच, पण ऐंशी साल उजाडता उजाडता तो फार बळावला. सोपाऱ्याकडच्या भातखाचरांत इमारतींसाठी भराव पडू लागला होता. मातीचे ट्रकच्या ट्रक रिकामे होत. इमारतीचा दोन-दोन वर्षं पत्ता नसे. मेअखेरीला वारा उठला की ती सगळी माती गासच्या घरांत. डाळीत, अंथरुणात, दातांखाली.

डॉक्टरांनी नर्मदेला समोर बसवून सांगितलं होतं. वारा आहे तोवर खिडक्या बंद, त्यांवर ओली गोणपाटं. वारा पडला की समोरासमोरच्या खिडक्या उघडायच्या, पुसायचं ते ओल्यानंच, चूल परसात मांडायची. आणि घरात धूर अजिबात नको. सातवी पास नर्मदेनं हे सगळं पाठ केलं.

घोडं अडलं ते सासूपाशी. वादळाबरोबर वाईट वारं घरात शिरतं आणि कोपऱ्यांत दबा धरून बसतं, असं रखमाबाई म्हणत. दारं-खिडक्या लावायच्या, खापरात नारळाची सोडणं पेटवून वर ऊद टाकायचा, कोपरान्‌कोपरा धुरानं भरायचा, तेव्हा ते निघतं. त्यांच्या सासूनं हेच केलं होतं, तिच्या सासूनंही. नर्मदेनं खापर उचलून परसात नेऊन ठेवलं. दोघी दोन महिने एकमेकींशी बोलल्या नाहीत. आत्माराम मधे बसून दोघींनाही हो म्हणायचा. माणूस गोड, पण पाठीला कणा नाही.

तरी चार उन्हाळे त्याला टांग्यात घालून दवाखान्यात न्यावं लागलं नाही. हसणाऱ्या शेजारणींनी हे मोजलं नाही.

पाचव्या उन्हाळ्यात बोळिंजला नर्मदेच्या भाचीचं लग्न होतं. आत्माराम घरीच राहिला. माणसांच्या गर्दीत त्याचा जीव घुसमटायचा. जेवणाची शेवटची पंगत बसली आणि आभाळ तांबूस झालं, मांडवाचं कापड फडफडून फाटलं. बायका पातेल्यांवर झाकणं टाकायला धावल्या. नर्मदा तोंडाला पदर बांधून तशीच घराकडे निघाली. टांगा कुठला मिळायला! वाटेत झाडं आडवी पडलेली. ती पायीच गासला पोचली तेव्हा दिवेलागण झाली होती.

घर गच्च बंद होतं. दाराच्या फटीतून धूर येत होता.

आत रखमाबाई खापर घेऊन कोपऱ्या-कोपऱ्यात फिरत होत्या, तोंडानं देवाचं नाव चालू. आत्माराम खाटेवर भिंतीला टेकलेला, ओठ जांभळे. नर्मदेनं धडाधड खिडक्या उघडल्या.

"नको म्हणता आलं नाही तुम्हांला?"

तो एकेक शब्द तोडत म्हणाला, "आई... घाबरली होती."

तिसऱ्या दिवशी दवाखान्यात त्यानं प्राण सोडला.

वाईट वाऱ्यानं नेला, गाव म्हणालं. रखमाबाईही भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तेच सांगत, आणि वर, सून घरात नव्हती, हेही. एरवी फटकळ असलेली नर्मदा चहाचे कप उचलत ते ऐकून घेई.

पुढच्या मे महिन्यात पुन्हा वादळ आलं. वारा पडल्यावर नर्मदेनं खिडक्या उघडल्या, शिडी लावली, बादली भरली. घरात आता दमेकरी कुणी नव्हतं. रखमाबाई न सांगता येऊन शिडी धरून उभ्या राहिल्या. आढं निम्मं पुसून झालं तेव्हा खालून आवाज आला.

"नर्मदे, धुरानंच गेला ना गं माजा पोरगा?"

फडकं थांबलं. नर्मदेनं खाली पाहिलं नाही.

"हो," ती म्हणाली.

म्हातारीनं शिडी सोडली नाही. नर्मदेनं मातकट झालेलं फडकं खाली सोडलं.

"पाणी बदलून आणा, आई. हे गढूळ झालंय."

रखमाबाई बादली घेऊन विहिरीवर गेल्या त्या बराच वेळ तिथंच काठावर पदरात तोंड घालून बसल्या. शिडी धरायला कुणी नव्हतं, तरी नर्मदा त्यांची वाट पाहत वरच थांबली.