ओढणीआडून लावलेला हात

"हात लावायलाच पाहिजे का?" बाईंनी विचारलं.

"नियम आहे, मॅडम," दंडाधिकारी साहेब म्हणाले.

बाईंनी ओढणीचं टोक बोटांवर गुंडाळलं. मग माझ्या खांद्याला हात लावला. "हाच."

तुरुंगाच्या एका खोलीत आम्ही सात जण रांगेत उभे होतो. ओळख परेड होती. एक आरोपी आणि त्याच्यासारखे दिसणारे आम्ही सहा. माजिवड्याच्या एका टॉवरमध्ये म्हाताऱ्या शेठचा खून झालेला. बाई त्यांची सून. जिन्यातून पळणारा माणूस त्यांनी पाहिला होता. आरोपी विलास त्याच इमारतीत रंगकाम करायचा. परेडमध्ये तो माझ्या शेजारी उभा होता.

मला सकाळी कल्याणच्या नाक्यावरून नेलं होतं. आम्ही रोजंदारीवाले तिथे कामाची वाट बघत उभे असतो. हवालदार एकेकाची हनुवटी वर करून बघत आला. "काळे पाहिजेत. बारीक. खुनी वाटतील असे."

"मग याला न्या साहेब. याला याची बायकोपण घाबरते." कोणीतरी माझ्याकडे बोट दाखवलं. सगळा नाका हसला. मीही हसलो. ते हसणं आठवलं की आज स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

बाई "हाच" म्हणाल्या आणि मी साहेबांकडे बघितलं. दंडाधिकारी म्हणजे कडक इस्त्रीचा शर्ट घातलेले, नोकरीतून निवृत्त झाल्यावर सरकारने अशा कामांना नेमलेले गृहस्थ. रांगेत कुठे उभं राहायचं हे त्यांनीच विलासला विचारलं होतं. आरोपी कोण, ते त्यांना ठाऊक होतं.

"घाई नको, मॅडम. शेजारचेही बघून घ्या."

बाईंनी शेजारी बघितलं. "हां, मग हा. सगळे सारखेच दिसतात हो हे."

साहेब हसले. कागदावर विलासचं नाव पडलं. माझ्या खांद्यावरचा हात कुठेच लिहिला गेला नाही.

विलासने माझ्याकडे बघितलं. "भाऊ, बोला ना."

मी भिंतीकडे बघत राहिलो. सुटलो म्हणून मला आनंद झाला. होय, आनंद. बाहेर येऊन वडापाव खाल्ला आणि टिटवाळ्याला घरी गेलो. विलासला जन्मठेप झाली.

गेल्या महिन्यात त्याची बायको नाक्यावर आली. परेडच्या कागदात आमची नावं होती. एकेकाला शोधत ती माझ्यापर्यंत पोचली होती.

"दादा, बाईंनी आधी दुसऱ्यालाच हात लावलेला, हे आमचे मालक कोर्टात ओरडून सांगत होते. आरोपीचं कोण ऐकतंय? तुम्ही तिथे होता ना?"

ती रडली नाही. मलाच तिच्याकडे बघवेना. "मलाच लावला होता," मी म्हणालो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

विलासचं अपील हायकोर्टात आहे. त्याच्या वकिलाने माझं प्रतिज्ञापत्र लिहून घेतलं आणि बजावलं, "विचार करून सही करा. उद्या पोलीस तुमच्याच मागे लागतील." घरी बायको म्हणाली, "आपल्याला दोन पोरी आहेत, एवढं लक्षात ठेवा."

लक्षात आहे. पण विलासलाही पोरगी आहे. ती बापाला तुरुंगाच्या जाळीतून बघत मोठी झाली. त्या खोलीत साहेबांना माहीत होतं की नाक्यावरचा माणूस तोंड उघडणार नाही. त्या भरवशावर त्यांनी बाईंना दुसऱ्यांदा बघायला लावलं. त्यांना एक काळा, बारीक माणूस हवा होता. तो मिळाला. मी भिंतीकडे बघितलं, म्हणून तो मिळाला.

सोमवारी मी प्रतिज्ञापत्रावर सही करणार आहे. कोर्टाने बोलावलं तर उभा राहून सांगणार आहे. बाईंनी आधी मला ओळखलं. ओढणी हिरवी होती. हात लावून झाल्यावर त्यांनी ती झटकली.

यावर मलाच धरायचं असेल तर शोधायची गरज नाही. सकाळी मी नाक्यावर असतो.