साडेबाराचा चहा

खोटं बोलून इतिहासाची इतकी निष्ठेने सेवा करणारा माणूस नाशिक जिल्ह्यात आमच्या बायकोच्या मामांखेरीज दुसरा झाला नसेल. पिंपळगाव बसवंत ओलांडून हमरस्ता सोडला, की द्राक्षबागा मागे पडतात आणि काळ्या दगडाच्या खाणींचं एक गाव लागतं. मामा तिथले. जकात नाक्यावरून निवृत्त झालेले, उंचीने बेताचे, आवाज मात्र खाणीच्या ह्या काठावरून त्या काठाला पोचणारा. गावाच्या मधोमध नगरपालिकेची जुनी कचेरी आहे. त्याच खाणीच्या दगडाची, दोन मजली, वर छोटासा मनोरा आणि मनोऱ्यात घंटा. ह्या इमारतीचा इतिहास सांगणं हा मामांचा निवृत्तीनंतरचा उद्योग. बिनपगारी आणि बिनपुराव्याचा.

नव्वद-एक्क्याण्णवच्या सुमाराला, लग्नानंतर पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो, तेव्हा बूट काढायच्या आत त्यांनी मला कचेरीत नेलं.

"जावईबापू, हा जिना नीट बघा. ह्याच्यावरून एक गोरा साहेब घोड्यासकट वर गेला होता."

"आणि खाली कसा आला?"

"घोडा आला. साहेबाची हिंमत होईना. लोक त्याला वर भाकरी पोचवत होते."

समोर कोण आहे ते बघून इतिहास बदलायचा. देवळ्याहून कांद्याचा व्यापारी आला, की ह्या सज्जात बसून कुणी संस्थानिक देवळ्याच्याच कांद्यासाठी हटून बसलेला असे. नाशिकचा वकील आला, तर तळमजल्यावर न्यायालय भरे आणि वकिलाच्या एका वाक्यावर फाशीचा कैदी सुटे. एकदा माझ्या बायकोने त्यांना गाठलंच. "मामा, मागच्या खेपेला जिन्यावर घोडा होता. आज हत्ती कुठून आला?" मामा अजिबात गडबडले नाहीत. "अगं, जिना एवढा रुंद आहे तो काय उगाच?"

ह्या सगळ्यात खरी होती ती एकच गोष्ट, आणि तिचा मामा कधी उल्लेखही करत नसत. दुपारी साडेबाराला खाणीत सुरुंग उडायचे. त्याआधी मनोऱ्यातली घंटा वाजे आणि सगळं गाव हातातलं काम न सोडता तयार व्हायचं. न्हावी वस्तरा गालापासून लांब धरी. बायका फडताळातल्या बरण्यांना हात लावून उभ्या राहत. भटजी लग्नाला साडेबाराचा मुहूर्त काढतच नसत. चहा पिणारा माणूस कप बशीतून उचलून हवेत धरी. मग धडाड्धूम! जमीन हादरे, बश्या खणखणत आणि गप्पा तुटल्या होत्या त्याच शब्दापासून पुढे सुरू होत. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. त्या पहिल्याच दिवशी माझा अख्खा चहा लग्नातल्या नव्या पॅंटवर आला. मामांनी आपला घोट शांतपणे संपवला आणि म्हणाले, "पुढल्या खेपेला उचला."

पुढे खाणीला पाणी लागलं आणि ती बंद पडली. घंटाही थांबली. मग काही वर्षांनी नगरपालिकेला वाटलं, की ही काळी धोंड पाडून तिथे व्यापारी संकुल उभं करावं. इमारत जपण्यालायक आहे का, हे बघायला मुंबईहून एक अधिकारी बाई येणार होत्या आणि त्यांच्या एका अभिप्रायावर सगळं ठरणार होतं. मामांना जेवण जाईना. "ही गेली तर मी लोकांना काय दाखवू? खाणीतला खड्डा?" बायकोने मला मुद्दाम पाठवलं, ते मामांना आवरायला. बाईंसमोर हत्ती जिना चढला असता, तर इमारत त्याच दिवशी उतरली असती.

"मामा," मी आदल्या दिवशी म्हणालो, "उद्या घोडा नको, साहेब नको. खरं काय ते सांगा."

मामा म्हणाले, "खरं फार लहान आहे हो."

सभा वरच्या दालनात भरली. बाई, नगराध्यक्ष, गावातली दहाबारा मंडळी. मामा उभे राहिले आणि मी डोळे मिटून घेतले.

"बाई, इथे कुणी मोठा माणूस कधी आला नाही," मामा म्हणाले. त्यांचा आवाज इतका खाली मी कधी ऐकला नव्हता. "सुरुंगाचे दगड उडून घरांवर पडायचे. गावाला सावध करायला उंचावर घंटा हवी होती. घंटेसाठी मनोरा, मनोऱ्यासाठी इमारत. इमारत झालीच आहे, तर आत कचेरी बसवली. घंटा माझे वडील वाजवायचे. ते इथे शिपाई होते." आणि खाली बसले.

इतक्या वर्षांत वडिलांबद्दल ते एक अक्षर बोलले नव्हते. इतिहासात शिपायाला जागा नसते, अशी बहुधा त्यांची समजूत होती.

"ह्याला काही आधार?" बाईंनी विचारलं. तेवढ्यात चहा आला. नगराध्यक्षांनी संधी साधली. "मॅडम, जुनी माणसं आहेत, बोलणारच. पण खरं सांगू का, आजच्या गावाचा ह्या बिल्डिंगशी काहीएक संबंध राहिलेला नाय."

भिंतीवरच्या घड्याळाने साडेबाराचा टोला दिला.

नगराध्यक्षांचा कप बशीतून वर गेला. मामांचा गेला, सगळ्या मंडळींचे गेले, माझासुद्धा गेला. बाईंचा तेवढा बशीतच राहिला. कुणी पिईना, कुणी ठेवेना.

"काय झालं?" बाई दचकल्या.

"सुरुंगाची येळ हाय," दारातला शिपाई म्हणाला.

"पण खाण तर बंद झाली ना?"

"व्हय. लय दिस झाले."

बाई नगराध्यक्षांच्या हाताकडे बघत राहिल्या. मग नगराध्यक्षांनीही स्वतःच्या हाताकडे बघितलं आणि सगळ्यांच्या आधी तेच हसले. "चहा सांडला म्हणून आईनं लय मारलंय हो लहानपणी."

इमारत राहिली. दारावर तिचा इतिहास सांगणारी पाटीही लागली. घंटा, सुरुंग, मनोरा, सगळं दोन-तीन ओळींत. मामांना ती मुळीच पसंत पडली नाही. "एवढं खरं लिहिल्यावर थांबून वाचणार कोण?" असं म्हणत त्यांनी पाटीकडे पाठ केली आणि पुढच्याच पाहुण्याच्या वेळी घोडा पुन्हा जिन्यावर चढवला. फरक एवढाच, की आता घोडा बिचकला तेव्हा त्याचा लगाम मामांच्या वडिलांनी धरलेला असे. सालांचा काडीचा मेळ बसत नव्हता. मी कधी बोललो नाही.

मामा जाऊनही आता काही वर्षं झाली. आमच्या नाशिकच्या इंदिरानगरात खाण नाही, घंटा नाही, हादरा बसायचं काही कारणच नाही. तरी सुट्टीच्या दिवशी दुपारचा चहा घेताना घड्याळाकडे लक्ष गेलं, की मी आणि बायको कप उचलून जरा थांबतो. मग ती म्हणते, "झालं. प्या आता."