लीसचा समर सूप

दुसऱ्यांचे डबे घरात साठतात ना, तसे हे किस्से साठतात. आपण मागितलेले नसतात. कुणीतरी काहीतरी घालून देतं, डबा परत करायचा राहतो, आणि एक दिवस ओट्यावरचं कपाट उघडलं की सगळे एकदम डोक्यावर येतात. माझ्या डोक्यावर जे आलं ते सगळं सूप होतं. तेही बहुतेक थंड!

आधी माणसं सांगते, म्हणजे गोंधळ नको. आमचा सिंगापुरातल्या मराठी बायकांचा ग्रुप आहे, महिन्यातून एकदा जमतो. ग्रुपच्या पुढारी साठेवहिनी. नवरा मोठा मॅनेजर, सेरंगूनला कॉन्डो, खाली स्विमिंग पूल, घरात एक नातू. आम्ही बिशानला, भाड्याच्या सरकारी फ्लॅटमध्ये. हे बंदरात टगबोटीचं इंजिन बघतात. मी सातवी शिकलेली. तरी ग्रुपमध्ये मला घेतलं, कारण पुरणपोळी लाटायला कुणीतरी लागतं.

आणि लीस. ती एस्टोनियाची. हा देश नकाशात कुठे आहे ते मला अजून सापडलेलं नाही. पुण्याच्या मंदारशी तिनं लग्न केलं आणि मराठी त्याच्याकडूनच शिकली, म्हणून सगळं पुरुषासारखं बोलते. पहिल्यांदा वहिनींच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "नमस्कार, मी मंदारचा बायको आलो!"

साठेवहिनी म्हणाल्या, "किती गोड!"

माझ्या सासूबाई असं मराठी बोलल्या असत्या तर वहिनींनी त्यांना लिफ्टमध्येसुद्धा घेतलं नसतं.

* * *

राहिली माझी मिनू. तीन वर्षांची, आणि खात नाही. कमी खाते असं नाही, खातच नाही! वाटी घेऊन मी तिच्यामागे कॉरिडॉरमध्ये, लिफ्टमध्ये, खाली बसस्टॉपपर्यंत. एक बस आली की एक घास. रविवारी बसेस कमी येतात, म्हणजे घासही कमी. क्लिनिकमधली नर्स वजनाच्या काट्याकडे बघून, इथे सगळेच लावतात तसं वाक्याला 'ला'चं शेपूट लावून म्हणाली, "मम्मी, मस्ट ईट ला!" जसं काही मीच तोंड बंद करून बसले होते.

गावाहून सासूबाईंचा फोन. "पोरगी हाडं-हाडं झाली म्हणे? माझ्याकडे पाठव गो. वर्षभर राहू दे. मी बघते कशी खात नाही ती!"

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे म्हणाले, "आई चुकीचं काय बोलते?"

तेव्हापासून माझी झोप उडाली. वर्षभर! वर्षानं पोरगी मला ओळखेल तरी का?

घाबरून काहीतरी सांगायचं म्हणून मी फोनवर म्हटलं, "आई, खाईल हो ती. एक गोरी बाई नवनवीन सूप घेऊन येते घरी."

 मग सासूबाई म्हणाल्या, "सूप? तिकडे तांदूळ पाखडावे लागतात?"

* * *

ती सुपं घरात आली माझ्याच जिभेमुळे. मी लीसला चिवड्याचा डबा दिला आणि वर शहाणपणा केला, "आमच्यात डबा रिकामा परत करत नाहीत हं."

तिनं ते मनावर घेतलं. चौथ्या दिवशी डबा परत आला, काठोकाठ भरून. आत गुलाबी. म्हणजे बाहुलीच्या फ्रॉकचा असतो तो गुलाबी! त्यात बीट, काकडी, उकडलेलं अंडं, वर शेपू, आणि हे सगळं आंबट ताकात तरंगतंय.

"आमचा उन्हाळ्याचा सूप," लीस म्हणाली. "थंड खायचा. गरम करू नको, प्लीज!"

डबा आता माझ्याकडे भरलेला आला, म्हणजे मीही रिकामा कसा पाठवू? मी लाडू घालून दिले. तिनं सूप घालून दिलं. मी चकल्या. तिनं सूप. ग्रुपमध्ये लोकांना वाटलं आम्ही जिवाभावाच्या मैत्रिणी झालो! आम्ही दोघीही नुसत्या अडकलो होतो.

पहिला डबा आला त्या दिवशी हे ड्युटीवरून आले. डब्याचं झाकण उघडलं, वाकून बघितलं.

"सुमन, हे इंजिनाचं कूलंट घरी कुणी आणलं?"

* * *

मग साठेवहिनींनी 'समर सूप पार्टी' ठेवली. समर! सिंगापुरात! इथे कपाटातले कपडे बाराही महिने तेच असतात, घाम बाराही महिने तोच असतो. पण वहिनी हातात वाटी धरून सगळ्यांना सांगत होत्या, "सगळं फ्रेश आहे हं, सीझनल! इट लोकल, इट सीझनल!"

फ्रेश म्हणजे काय, तर शेपू प्लास्टिकच्या डबीत विमानानं आलेला. काकडी विमानानं, बीट विमानानं. मीही विमानानंच आले होते. उतरले तेव्हा मला कुणी फ्रेश म्हटलं नाही.

वहिनींच्या घरी एरवी शेपू आणलेला चालत नाही, कॉन्डोत वास येतो म्हणे. त्या दिवशी मात्र तो 'डिल' होता. "डिलचा अरोमा बघ ना!" असं म्हणून वहिनी दोन वाट्या प्यायल्या.

नंतर तासभर त्या भाषण करत होत्या आणि दर दोन वाक्यांनंतर तोंडावर हात ठेवत होत्या. नाव डिल, ढेकर शेपूचाच!

* * *

एकदा लीस माझ्याबरोबर लिटल इंडियात भाजीला आली. मी कोथिंबीर बघतेय, तेवढ्यात मागून किंकाळी. वळून बघते तर ही बया एक जुडी छातीशी धरून उभी, डोळ्यांत पाणी. भाजीवाला अण्णा घाबरून माझ्याकडे बघतोय.

"सुमन! आमचा पान! माझा आजी कुंपणाजवळून तोडायचा, सूप करायचा!"

बघितलं तर आंबट चुका. माझ्या माहेरी, कराडकडे, चुका आणि डाळ-शेंगदाण्याची पातळ भाजी आठवड्यातून एकदा ठरलेली. त्या वेळी मात्र मी हसले नाही. तिला बिचारीला आजी आठवली होती.

हसले पुढच्या मीटिंगला. लीसनं त्याचं सूप करून आणलं. वहिनींनी चमचा तोंडात घालून डोळे मिटले. "वॉव! असा पाला इंडियात मिळणं शक्य नाही."

मी म्हटलं, "वहिनी, हा चुका."

वहिनी माझ्या खांद्यावर हात ठेवून, अगदी प्रेमानं, म्हणाल्या, "अगं, तूच चुकतेस. हे सॉरेल आहे."

वर हेही सुनावलं, "तुझं शिक्षण कमी ना, सुमन, म्हणून तुला बॅलन्स्ड डाएट कळत नाही. मिनू म्हणून तर अशी आहे. हे दे तिला."

बाकीच्या बायका वाटीत बघत बसल्या. मी घरी येऊन बाथरूमचा नळ सोडला आणि पाणी वाहू दिलं. मिनूनं त्या दिवशी अर्धं बिस्किट खाल्लं होतं.

* * *

पुलाउ उबीनला सगळ्यांची ट्रिप गेली, घरच्यांसकट. बंबोटीत, म्हणजे छोट्या लाकडी मोटरबोटीत, बसून त्या बेटावर जायचं, भाड्याच्या सायकली घ्यायच्या, जुनी लाकडी घरं बघायची आणि घाम पुसायचा. वहिनींची आयडिया अशी, की निसर्गात बसून निसर्गाचं सूप प्यायचं. लीसनं काकडी-शेपूचं पांढरं सूप स्टीलच्या डब्यात आणलं, बर्फ घालून.

सायकल झाडाला टेकवली आणि डबा पुढच्या टोपलीत ठेवला. आलं माकड! डबा उचलला, लांब जाऊन बसलं, झाकण आमच्यापेक्षा भराभर उघडलं. हात बुडवला. चाटला.

थांबलं.

आमच्याकडे असं बघितलं की मला लाज वाटली! मग झाकण न लावता डबा बाजूला ठेवला, परत आलं, आणि वहिनींच्या मांडीवरचं वेफर्सचं पाकीट ओढून घेऊन गेलं.

हे मोठ्यानं म्हणाले, "बघा! आणि ह्याची तर सातवीसुद्धा झालेली नाही!"

लग्नानंतर एवढं माझ्या बाजूनं हे पहिल्यांदाच बोलले. मिनू खदखदा हसत होती. तोंड उघडं आहे तोवर मी पोळीचा घास आत सारला. तिनं तो हसत हसतच थुंकला.

* * *

वहिनींच्या लग्नाच्या वाढदिवसाला दहा-बारा बडे लोक आले होते. शेवटी काचेच्या उंच ग्लासात काहीतरी काळं-तपकिरी आलं, वर पांढरं क्रीम, आत मनुका. लीसकडून शिकून वहिनींनी स्वतः केलेलं. वहिनी चमच्यानं ग्लास वाजवून म्हणाल्या, "धिस इज अ रॉयल युरोपियन डेझर्ट. तिथे राजघराण्यात वगैरे करतात."

पाहुणे म्हणाले, "अमेझिंग!" एक साहेब तर म्हणाले की त्यांनी हे पॅरिसला खाल्लंय.

लीस घाईघाईनं पुढे आली. खोटं बोललेलं तिला चालत नाही. "नाही, नाही! राजा नाही! भाकरी शिळा होतो, कडक होतो, दातानं तुटत नाही, तेव्हा भिजवून साखर घालून सूप करतो. डुक्कराला टाकण्याआधी!"

पॅरिसवाल्या साहेबांचा चमचा तोंडातच राहिला.

* * *

आता शेवटचा.

सासूबाई आल्या. महिनाभरासाठी. जाताना मिनूला घेऊन जायचं नक्की झालं होतं, तिचं तिकीटसुद्धा ह्यांनी काढून ठेवलं होतं. मी तिचे छोटे फ्रॉक घडी करायची, पुन्हा उलगडायची आणि कपाटात टांगायची.

सासूबाईंनी पदर खोचला. मऊ भात, मेतकूट, वर तुपाची धार. चिऊचा घास, काऊचा घास. मिनू म्हणे, "डोन्ट वॉन्ट ला, आजी."

"ला म्हणजे काय गो? कुणाला ला?"

पहिला आठवडा गेला. खालच्या सगळ्या साळुंक्या जेवून गुबगुबीत झाल्या, मिनू तशीच! खरं सांगायचं तर मला आतून बरं वाटलं. पण सासूबाई हटायला तयार नव्हत्या. "इथली हवाच वाईट. गावाला गेली की खाईल."

मग एक दिवस लीस आली. गरम डबा, बाहेर फडकं गुंडाळलेलं. कोवळी गाजरं, मटार, फ्लॉवर, छोटे बटाटे, सगळं दुधात शिजवलेलं, आणि वर तोच तो शेपू.

"आजी, नवीन भाजीचा सूप! फक्त दूध, बटर आणि मीठ."

सासूबाई ताडकन उठल्या. "दुधात मीठ? अगो, अंगावर डाग उठतील पोरीच्या!"

लीसला वाटलं कौतुक चाललंय. तिनं मिनूला मांडीवर घेतलं. "मिनू! आजी, आमच्या भाषेत मिनू म्हणजे 'माझी'!"

"घ्या!" सासूबाई माझ्यावर ओरडल्या. "आता ही पण म्हणते माझी!"

एका पोरीला आम्ही तिघी चिकटलो होतो आणि समोर ती वाटी. लीसनं चमचा भरला. शेपूचा वास मिनूच्या नाकात गेला. मिनूनं लीसकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, सासूबाईंच्या हातातल्या ताटलीकडे बघितलं आणि जिवाच्या आकांतानं ओरडली,

"भात! आजी, भात! फास्ट ला!"

सासूबाई धावल्या. मिनूनं घास घेतला. गिळला! परत तोंड उघडलं. एक डोळा चमच्यावर ठेवून पोरीनं सगळा भात संपवला. मी घास मोजत होते, एकाही बसशिवाय!

लीस बिचारी म्हणाली, "सूप नाही आवडला?"

मी काही बोलायच्या आत सासूबाईंनी तिचा हात धरला. "छान झालंय गो! उद्या पण आण. हेच आण. शेपू जरा जास्तच घाल!"

मग रोज सूप. लीस कामावर जाताना डबा देऊन जायची. जेवायच्या वेळी डबा मिनूच्या समोर, ताटली बाजूला. सासूबाई मला हुकूम सोडायच्या, "उघड." मी उघडायची. मिनू: "भात!" कधी "पोळी!", एकदा तर "कारलं!"

अन्न टाकलेलं सासूबाईंना खपत नाही, म्हणून उरलेलं सूप ह्यांच्या पुढ्यात. हे म्हणाले, "आई, दुधात मीठ आहे ना? मला नाही का डाग उठणार?"

"उठू देत. तुझं लग्न झालंय."

जायच्या आदल्या दिवशी ग्रुपच्या बायका सासूबाईंना भेटायला आल्या. लीस होती, साठेवहिनी होत्या. मिनूचे फ्रॉक अजून टांगलेलेच होते. मला कुणी काही सांगितलं नव्हतं, आणि माझी विचारायची हिंमत होत नव्हती. वहिनींनीच विचारलं, "मग मावशी, नातीला घेऊन चाललात ना?"

सासूबाई म्हणाल्या, "नाही हो. हिच्या सुपाशिवाय पोरगी जेवायला बसत नाही. गावाला मी ते रोज कुठून आणू? राहू दे आईजवळच."

मी स्वयंपाकघरात पळाले. बाहेर लीस रडत होती, हसत होती, सासूबाईंच्या पाया पडत होती. साठेवहिनींचा चेहरा मात्र पडला. एवढे महिने सूप त्या प्यायल्या आणि नाव भलतीकडेच झालं! शेवटी त्यांना राहवलं नाही. सासूबाईंच्या जवळ सरकून हळूच विचारलं,

"मावशी, आमचा नातूही जेवत नाही हो. हे सूप नेमकं द्यायचं कसं?"

सासूबाईंनी पदर सावरला.

"काही करावं लागत नाही, बाई. नुसतं झाकण उघडायचं!"