जनतेचं मत गोळा करताना

मी ज्या सल्लागार कंपनीत नोकरी करते, तिला देशाच्या पायाभूत सुविधांच्या दीर्घकालीन आराखड्यासाठी 'जनतेचं मत' गोळा करायचं काम मिळालं होतं. रस्ते, पूल, रेल्वे, पाणी, आपल्या नातवंडांना लागेल ते सगळं. हैदराबादची बैठक माझ्याकडे आली. मी लग्नानंतर पुण्याहून इथे आलेली, म्हणून शहर मला ठाऊक आहे असं सगळ्यांनी धरून चाललं. मला ठाऊक होता तो घर ते ऑफिस एवढाच रस्ता, तोही कॅबच्या काचेतून.

बैठक आबिड्सजवळच्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये होती. दिल्लीहून आलेले आमचे साहेब माईक हातात घेऊन म्हणाले, "आज खर्चाचा विचार करू नका. फक्त स्वप्नं बघा." स्वप्नं बघायला आलेल्यांची यादी मीच केली होती: चार बिल्डर, इंजिनिअरिंग कॉलेजचे दोन प्राध्यापक, हजेरी मिळेल म्हणून त्यांच्यामागे आलेली पोरं, आणि फोटोत दिसायची हौस असलेले कॉलन्यांचे अध्यक्ष. प्रत्येकाला रंगीत चिकट चिठ्ठ्या दिल्या. त्यांनी त्यावर 'स्मार्ट', 'ग्रीन', 'वर्ल्ड क्लास' असं लिहिलं आणि ते जेवणाच्या टेबलाकडे बघत बसले. मी त्या चिठ्ठ्या भिंतीवर लावत होते. एका प्राध्यापकांनी 'ग्रीन'चं स्पेलिंग चुकवलं होतं. मी ते गुपचूप सुधारलं.

मागच्या रांगेत विद्यानगरहून आलेल्या एक बाई होत्या. सत्तरीच्या, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या. वर्तमानपत्रातली जाहिरात खरी मानून, दोन बस बदलून आल्या होत्या. त्यांनी हात वर केला आणि हिंदीत विचारलं, "पूल बांधायच्या आधी, खालून चालणाऱ्यांना कोण विचारतं?"

साहेब गोड हसले. "मॅडम, आज आपण राष्ट्रीय पातळीवर बोलतोय."

"हौ, मी पण राष्ट्रातच राहते," बाई म्हणाल्या.

लोक हसले. फोटोग्राफरने तेवढ्यात त्यांचा फोटो काढला आणि साहेबांनी जेवणाची सुट्टी जाहीर केली.

सगळे ताटं घेऊन उभे असताना बाई खुर्चीवर बसून लिहीत होत्या. मी फोनवर आईशी मराठीत बोलत होते, ते त्यांनी ऐकलं असावं. जाताना त्यांनी मराठीत लिहिलेले चार कागद माझ्या हातात दिले. "तेलुगू मला बोलता येतं, लिहिता येत नाही. तुम्ही वाचा बाई. वाचाल ना?"

"वाचीन," मी म्हटलं.

मी खरंच वाचलं. त्यांच्या घराजवळ उड्डाणपूल झाला, तेव्हा बसचा थांबा पलीकडे गेला. मधला दुभाजक उंच केला. आता दवाखान्यात जायचं तर वळसा घालून चालायचं, नाहीतर दुभाजकावर चढायचं. शेजारच्या एक बाई चढताना पडल्या, त्यांचा खुबा मोडला. शेवटी लिहिलं होतं: मोठा नकाशा काढाल तेव्हा चालणारा माणूस त्यात आधी काढा, गाड्या नंतर. त्या दिवशी हॉलमध्ये बोललं गेलेलं एकही वाक्य याच्या जवळपास येत नव्हतं, आमच्या साहेबांचं तर नाहीच.

आमच्या तक्त्यात प्रत्येक मताला एक ओळ आणि एक रकाना. पूल म्हणावं तर तक्रार पुलाबद्दल नव्हती. आरोग्य म्हणावं तर दवाखाना ठीक होता. साहेबांना फोन केला तर ते म्हणाले, "स्थानिक आहे ना? 'इतर'मध्ये टाक." सूर कोणता, हेही भरायचं असतं: अनुकूल, तटस्थ, प्रतिकूल. प्रतिकूल लिहिलं तर खुलासा जोडावा लागतो. मी तटस्थ लिहिलं. शुक्रवार होता आणि मला घरी जायचं होतं.

अहवाल गुळगुळीत कागदावर छापून आला. आतल्या पानावर बाईंचा हात वर केलेला फोटो, खाली ओळ: 'आराखड्याला नागरिकांचा उत्स्फूर्त पाठिंबा.' मला लाज वाटली, पण तेवढीच. दुसरं काही न सुचल्यामुळे मी एक प्रत घेऊन रविवारी विद्यानगरला त्यांच्या घरी गेले.

त्यांनी चष्मा लावून पानं उलटली. फोटो पाहिला. "माझं पत्र कुठं आहे?"

"'इतर सूचना'मध्ये धरलंय."

"धरलंय म्हणजे छापलंय?"

"नाही."

"आणि हा पाठिंबा? मी कधी दिला?"

त्या चिडल्या नाहीत. त्यांनी पायात चपला घातल्या आणि म्हणाल्या, "चला, सडक दाखवते."

पुलाखाली आम्ही दुभाजकाशी उभ्या राहिलो. त्या हाताने कठड्याला धरून सवयीने वर चढल्या. माझी सलवार लोखंडात अडकली. एक ऑटोवाला ओरडून गेला. पलीकडे पोचल्यावर मी ओढणी सावरली. बाई म्हणाल्या, "तुमच्या साहेबांना एकदा आणा इथं."

"ते येणार नाहीत."

"मग तुमच्या नावाने लिहा. इंग्रजीत. तुम्ही बघितलंय ना आता?"

"माझी नोकरी आहे हो, मावशी."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. त्या दिवशी हॉलमध्ये साहेबांकडेही त्यांनी असं पाहिलं नव्हतं. "ठीक आहे. जावा तुम्ही," एवढंच म्हणाल्या आणि दवाखान्याच्या दिशेला चालू लागल्या.

पुढच्या आठवड्यात मी त्यांच्या पत्राचं इंग्रजी करून महापालिकेला पाठवलं, त्यांच्या नावाने. पोच आली. पुढे काही झालं नाही. झालं असतं तर मला कळलं असतं असंही नाही, कारण मी परत तिकडे गेले नाही. त्या अहवालाला दिल्लीत लोकसहभागाबद्दल बक्षीस मिळालं. साहेबांसोबत मी मंचावर गेले, शाल घेतली, आणि फोटोसाठी हसलेही.