भाऊंच्या पोटातली झडप

मला वणीला पाठवलं याचं कारण एवढंच होतं, की मला वऱ्हाडी बोलता येतं.

मी मूळची दारव्ह्याची. शिकायला आधी अमरावतीला, मग पुण्याला गेले आणि तिथेच एका छोट्या कंपनीत लागले. आम्ही शरीरात बसवायचा औषधाचा पंप बनवत होतो. पाठीच्या मणक्याला मार लागून ज्यांचे पाय जातात, त्यांच्यातल्या पुष्कळांचे पाय नुसते लुळे पडून राहत नाहीत. ते आपोआप ताठ होतात, झटके देतात, गुडघे एकमेकांत रुतून बसतात. त्यावरचं औषध गोळीतून द्यायचं तर इतकं द्यावं लागतं की माणूस दिवसभर गुंगीत असतो. तेच औषध थेट मणक्यात थोडं थोडं सोडलं, तर अगदी थेंबभर पुरतं आणि डोकं जागं राहतं. त्यासाठी पोटाच्या कातडीखाली शू-पॉलिशच्या डबीएवढा पंप बसवतात. त्यातून एक बारीक नळी मणक्यापर्यंत जाते, आणि दर तीन महिन्यांनी डॉक्टर कातडीवरूनच सुई टोचून पंपात औषध भरतात. परदेशी पंप मिळतात, पण ते आपल्याकडच्या बहुतेकांच्या आवाक्यात नसतात. म्हणून आमचा पंप.

माझ्याकडे त्यातली बाहेरची झडप होती. पंपात दोन झडपा असतात. आतली उघडली की मधल्या चिमुकल्या खोलीत ठरलेलं औषध येतं. मग आतली मिटते, बाहेरची उघडते, आणि तेवढंच औषध पुढे जातं. दोन्ही एकदम उघड्या राहता कामा नयेत, सगळं त्यावर. झडप मिटते म्हणजे तांदळाच्या दाण्याहून लहान रबराचा तुकडा धातूच्या गोल कडेवर बसतो. त्या रबराची जाडी आणि त्या कडेची गोलाई यात माझी सहा वर्षं गेली. घरी आल्यावर नातेवाईक विचारायचे, नेमकं करतेस काय, तर मी म्हणायची, नळाचा वायसर बनवते.

मोजक्या रुग्णांना चाचणी म्हणून आमचे पंप बसवले. चौथ्या वर्षी दुसऱ्या राज्यातल्या एका बाईंच्या मणक्यात ठरल्यापेक्षा खूप जास्त औषध गेलं. त्या तीन दिवस बेशुद्ध होत्या. वाचल्या. त्यांचा पंप काढून आमच्याकडे आला आणि मीच तो सूक्ष्मदर्शकाखाली उघडला. रबर फुगलं होतं. एका बाजूनं ते कडेवरून किंचित उचललं गेलं होतं. झडप मिटत होती, पण पूर्ण मिटत नव्हती. दोष रबराच्या त्या एका खेपेत होता की मी काढलेल्या आकृतीत, हे मला आजही छातीठोकपणे सांगता येणार नाही.

कंपनीनं निर्णय घेतला, सगळ्यांचे पंप थांबवायचे. औषध हळूहळू कमी करायचं आणि शेवटी पंपात नुसतं सलाइनचं पाणी भरायचं. बाकीचे रुग्ण आपापल्या दवाखान्यात गेले. एक जण गेला नाही, वणीचे भाऊ. त्यांचा पंप भरणाऱ्या नागपूरच्या डॉक्टरांनी दोनदा फोन केला, दोन्ही वेळा "पाहू" एवढंच उत्तर आलं. त्यांच्या पंपातलं औषध बारा दिवसांत संपणार होतं. हे औषध एकाएकी संपलं तर माणसाला प्रचंड ताप भरतो, झटके येतात, जीवही जाऊ शकतो.

आमचे साहेब म्हणाले, "तू तिकडचीच ना? तुमच्या भाषेत बोल त्यांच्याशी. ऐकतील."

मी आधी दारव्ह्याला आईकडे गेले. सकाळी निघताना तिनं विचारलं, "त्याच्या पोटातलं ते काढून घ्यायले चालली का तू?"

"काढून नाही. बंद करायला."

"मंग त्याले काय देता?"

"गोळ्या."

आईनं डब्यात पोळ्या घातल्या आणि यवतमाळच्या गाडीपर्यंत सोबत आली. यवतमाळहून वणीची बस मिळाली. वणी जवळ आली तशी कोळशाच्या ट्रकांची रांग लागली आणि बस त्यांच्यामागे रखडत राहिली. मी वाटभर काय बोलायचं ते ठरवत होते.

भाऊंचं घर दोन खोल्यांचं, पुढे पत्र्याची पडवी. ते आधी कोळशाच्या भरलेल्या ट्रकांवर ताडपत्री बांधायचं काम करत. दोरी ओढताना ती सुटली आणि ते वरून पाठीवर पडले. पंप बसल्यानंतर ते शेतकऱ्यांच्या विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरायला शिकले होते. मी गेले तेव्हा चाकाच्या खुर्चीत बसून तांब्याची तार गुंडाळत होते. पाय खुर्चीच्या पायठ्यावर शांत ठेवलेले. मान वर न करता म्हणाले, "बसा. एवढी गुंडी होऊ द्या, नाही त मोजनी चुकते."

वहिनींनी पाणी आणून दिलं. गुंडी झाल्यावर भाऊंनी हात पुसले आणि विचारलं, "पुन्याच्या तुमी?"

"पुन्यात राह्यते. हाय मी दारव्ह्याची."

"दारव्ह्यात कुठी?"

"बसस्टँडच्या मांगं."

त्यांचा चेहरा जरा सैल झाला. साहेबांचा अंदाज बरोबर होता, आणि त्याचीच मला लाज वाटली.

"कायले आल्या ते समजते मले," भाऊ म्हणाले. "पन मले आधी एक सांगा. खराबी कोनाच्या पंपात निंगली?"

"एका बाईच्या."

"माह्या पंपात?"

"अजून नाही दिसली, भाऊ. पन दिसू शकते."

भाऊ समजावून सांगितल्यासारखं बोलू लागले. "विहिरीत पाइपाच्या टोकाले फुटव्हॉल असते, मायीत हाय ना? ते खराब झालं त पाइपातलं पानी उतरून जाते. मंग शेतकरी काय करते? मोटार सुरू कराच्या आधी पाइप भरेल हाय का नाही ते पाहून घेते. तसं माह्यावालं पाहत जा. सुई टोचून औषध काढा, किती उरलं ते मोजा. हिशोब चुकला त करा बंद. मी तीन महिन्यानं नाही, दर महिन्याले येतो नागपूरले. म्हनसान त दर हप्त्याले येतो."

हेच, अगदी हेच मी पुण्यात लिहून दिलं होतं. दर महिन्याला उरलेलं औषध मोजायचं आणि ज्यांचं जुळतंय त्यांचे पंप चालू ठेवायचे. माझा तो कागद बैठकीत वाचला गेला आणि बाजूला ठेवला गेला. दोन मोजण्यांच्या मधे काही झालं तर कोण जबाबदार, असा प्रश्न आला.

"तसं करता येत नाही, भाऊ."

"मी सही देतो कागदावर. मेलो त माही मर्जी."

"सही चालत नाही."

"काहून?"

मी काहीतरी नियमांचं बोलले. ते ऐकत होते, पण त्यांनी मान हलवली नाही.

मग वहिनी बोलल्या. "ताई, पहिले कसं होतं ते तुमी पाह्यलं नाही. यायले पँट घालाची त दोन मानसं लागत. पायच उघडत नव्हते. एकदा बसल्या बसल्या असा झटका आला, का खुर्चीतून फेकल्यावानी पडले. समोरचा दात..."

"राहू दे," भाऊ म्हणाले. वहिनी थांबल्या.

भाऊंनी पुन्हा माझ्याकडे पाहिलं. "तुमाले एवढं मायीत हाय त हे बी मायीत असन. हा व्हॉल कोनं बनोला?"

खोटं बोलायचं मी ठरवलं नव्हतं, पण खरं बोलायचंही ठरवलं नव्हतं. "मी," म्हणाले.

ते रागावतील असं वाटलं. ते म्हणाले, "चार वर्षं लय चांगला चालला, ताई."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. शेवटी मी जे केलं ते सांगते. मी भाऊंशी बोलायचं सोडून वहिनींकडे वळले. औषध एकदम संपलं तर काय होतं ते मी त्यांना आमच्या भाषेत, एकेक करून सांगितलं. ताप कसा चढतो, अंग कसं लाकडासारखं होतं, वणीहून नागपूरला पोचेपर्यंत काय काय होऊ शकतं. त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. पण मी वहिनींकडे पाहून बोलत होते, कारण त्या घाबरतील हे मला कळत होतं.

वहिनी घाबरल्या. त्यांनी भाऊंच्या खांद्यावर हात ठेवला. "जाऊ आपन नागपूरले," म्हणाल्या.

भाऊ तारेचं टोक बोटात फिरवत बसले. मग म्हणाले, "बुधवारी जाऊ."

बुधवारी मी नागपूरला होते. डॉक्टरांनी भाऊंच्या पोटावर सुई टोचून उरलेलं औषध काढलं. पंपाच्या हिशोबानं सव्वातीन मिली उरायला हवं होतं. सिरिंज उजेडात धरून डॉक्टरांनी पाहिलं, मलाही दाखवलं. सव्वातीन.

"जुळलं ना?" पलंगावरून भाऊंनी विचारलं.

"जुळलं," डॉक्टर म्हणाले.

मी बाहेर जाऊन साहेबांना फोन केला. म्हटलं, यांची झडप एकदम नीट आहे. यांचा तरी चालू ठेवू या.

"आज नीट आहे," साहेब म्हणाले. "पुढच्या महिन्यात रबर फुगणार नाही असं तू लिहून देतेस?"

ती झडप माझ्या हातची होती. तिच्यातला एकेक कोपरा मला डोळे मिटून काढता आला असता. तरी मला तसं लिहून देता येत नव्हतं. मी फोन ठेवला आणि आत आले. डॉक्टरांनी कमी ताकदीचं औषध भरलं होतं आणि पंपाचा वेग उतरवायला घेतला होता.

सहा आठवडे हे चाललं. मी दोनदा पुण्याहून गेले. तिथे माझं काही काम नव्हतं, पण न जाणंही जमेना. दुसऱ्यांदा गेले तेव्हा भाऊंचा डावा पाय पायठ्यावरून सारखा उडत होता. वहिनींनी तो पट्ट्यानं बांधला होता, आणि बांधलेल्या पट्ट्यातही तो ओढ घेत होता. भाऊ माझ्याशी नीट बोलले. आई कशी आहे ते विचारलं. शेवटी पंपात सलाइन भरलं तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, पंप काढून टाकायचा का? छोटंसंच ऑपरेशन आहे.

"राहू द्या," भाऊ म्हणाले. "नवीन व्हॉल आला त बदलून घेऊ."

नवीन व्हॉल येणार नव्हता. ज्यांनी कंपनीत पैसे घातले होते ते मागे सरले होते आणि आम्हा सगळ्यांना दुसऱ्या नोकऱ्या शोधायला सांगितलं होतं. या वेळी मात्र मी कुणाकडे वळले नाही. भाऊंनाच सांगितलं, "भाऊ, नवीन व्हॉलचं काम बंद झालं. कंपनीच बंद होऊन राह्यली."

"तरी राहू द्या," ते म्हणाले.

त्यानंतर मी डेअरीची यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात लागले. तिथेही झडपाच करते, पण मुठीएवढ्या, आणि गळल्या तर दूध सांडतं. वणीला मी अधूनमधून फोन करते. बहुतेक वेळा वहिनीच उचलतात. भाऊ गोळ्यांच्या गुंगीत असतात. सकाळी उठल्यावर तासभर डोकं साफ असतं, तेवढ्यात ते काहीबाही काम करतात, मग पाय बसू देत नाहीत.

मागच्या उन्हाळ्यात वहिनींचाच फोन आला. भाऊंची पाठ फार दुखत होती आणि डॉक्टरांनी एमआरआय करायला चंद्रपूरला पाठवलं होतं. तिथल्या तंत्रज्ञानं पोटावरचा उंचवटा पाहून विचारलं, हे काय आहे? कंपनीचं पत्र आणा, मगच मशीनमध्ये घेतो.

"कंपनीचा फोन लागत नाही, ताई," वहिनी म्हणाल्या. "तुमचाच नंबर हाय आमच्यापाशी."

मी दुपारी कारखान्यातून लवकर निघाले आणि घरी ठेवलेल्या जुन्या फायली काढल्या. पंपाचं कवच कोणत्या धातूचं आहे, आत चुंबक नाही, कोणत्या ताकदीच्या मशीनपर्यंत चालतं, हे सगळं एका कागदावर लिहिलं. खाली सही केली, माझं शिक्षण लिहिलं, पूर्वी मी या पंपाची झडप बनवत होते हेही लिहिलं. कागदाचा फोटो काढून वहिनींना पाठवला आणि तंत्रज्ञाला फोन द्यायला सांगितलं.

तो मुलगा सभ्यपणे बोलला. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मॅडम, तुमचं बरोबर असेल. पण साध्या कागदावर मी कसं करू? कंपनीचा शिक्का लागतो."

मी सांगितलं, कंपनी आता नाही. तो म्हणाला, मग अवघड आहे.

फोन परत वहिनींकडे गेला. मागे भाऊ काहीतरी विचारत होते, ते मला नीट ऐकू आलं नाही. "जातो मंग आमी वापस," वहिनी म्हणाल्या. "तीनची बस हाय." मी म्हटलं, पोचल्यावर फोन करा. त्या हो म्हणाल्या.