दार बायसाठी लावलंय

घरात पाऊल टाकणाऱ्याला 'या, बसा' म्हणायच्या आधी आमचे भाऊजी 'दार लावा' म्हणायचे. गावाचे नाना, माझे धाकटे दीर. माझी जाऊ गेल्यापासून शेजारच्या घरात एकटेच असायचे. आणि आमचं रेवसजवळचं गाव असं, की दिवसा दार लोटलेलं दिसलं की लोक रस्त्यावरूनच विचारतात, "कोन आजारी हाय का, का भांडन झालं?"

सगळं एका मांजरीपायी. त्यांच्या ठाण्याच्या लेकीने बाळंतपणाच्या आधी आपली पर्शियन मांजर बापाकडे आणून ठेवली. पांढरी, चपट्या नाकाची, घराबाहेर कधी न गेलेली. निघताना लेक म्हणाली, "बाबा, ही बाहेर गेली तर परत नाही यायची. कुत्र्यांपुढे हिला पळताही येत नाही." भाऊजींनी तेवढं धरून ठेवलं. तिचं इंग्रजी नाव तोंडात बसेना, म्हणून ते तिला 'बाय' म्हणायचे. पुढे नातू रांगायला लागला, तरी बाय काही त्यांनी परत दिली नाही.

सुरुवातीला तिच्या केसांचा गुंता झाला. भाऊजींनी काय करावं? लेकीच्या डोक्याला लावायचे तसं खोबरेल कोमट करून तिला चोपडलं! तिने ते चाटून पोट बिघडवून घेतलं, वर पलंगाखालची सगळी धूळ अंगाला चिकटली. मी म्हटलं, "भाऊजी, आता वेणी घाला, गजरा मी देते." हसले नाहीत. अलिबागच्या जनावरांच्या डॉक्टरांकडे टोपलीतून घेऊन गेले. तेव्हापासून रोज कंगवा, ओल्या कापसाने डोळे पुसणं, वाळू बदलणं. लाइट गेली की स्वतः घामाघूम, पण हातात तिच्यासाठी पुठ्ठा.

दाराचा मात्र लोकांना राग आला. संध्याकाळी गप्पांना येणारे बंद झाले. कोणी म्हणालं, "नानाला आता मानसं नको झाली." ते त्यांना फार लागलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी आतलं बाकडं पडवीत आणून टाकलं, चहाचा थर्मासही तिथेच. येईल त्याला सांगायचे, "दार बायसाठी लावलंय, तुमच्यासाठी न्हाय." बैठक परत भरली. बाय खिडकीच्या जाळीतून सगळ्यांना बघत बसायची.

यंदा उन्हाळ्यात भाऊजी झोपेतच गेले. घर माणसांनी भरलं. अशा वेळी आमच्याकडे दार लावत नाहीत, ते सताड उघडं. लेक अजून वाटेत होती. रडता रडता माझं लक्ष गेलं, तर बाय कपाटाखालून निघून उंबरठ्यापर्यंत आलेली, आणि अंगणात दोन कुत्री.

मी ओरडले, "दार लावा!"

वरच्या आळीतले एक म्हातारे म्हणाले, "वहिनी, आज? दार लावायचं?"

"लावा. बायसाठी लावायचंय, तुमच्यासाठी नाही."

त्यांनीच उठून लावलं.

आता बाय माझ्याकडे असते. कधी आलात तर दार लोटलेलं दिसेल. भाऊजींचं बाकडं पडवीत आणून ठेवलंय. बसा, मी चहा घेऊन बाहेर येते.