डीपीकडची भिंत

पुण्यातल्या प्रयोगशाळेत माझं काम माणसाच्या पेशी वाढवण्याचं. त्या बशीत वाढवायच्या, बशी तारेच्या वेटोळ्यात ठेवायची, घरात असते तसलीच वीज तारेतून सोडायची आणि तिच्या चुंबकीय क्षेत्राने पेशींचं काय होतं ते बघायचं. कधी पेशीतले डीएनएचे धागे तुटलेले दिसतात, कधी काहीच दिसत नाही. कुणी विचारलं तर मी म्हणते, अजून सांगता येत नाही. पगार त्याचाच मिळतो.

पहिल्या बाळंतपणासाठी मी मिरजगावजवळच्या वस्तीवर माहेरी आले. भावाने हौसेने नवी खोली बांधली होती. कुठे? तर डीपीला, म्हणजे शेतातल्या ट्रान्सफॉर्मरला, खेटून. तिथे नांगर फिरत नाही, मग जागा वाया का घालवायची? पिकाखालची वीतभर जमीन सोडायची म्हटलं की आमच्या लोकांच्या जिवावर येतं. खोलीला खिडकी नव्हती, कारण बाळंतिणीला वारं लागता कामा नये.

फोनवर हे ऐकूनच मी क्षेत्र मोजायचं यंत्र बरोबर आणलं होतं. डीपीकडच्या भिंतीला लावलेल्या खाटेच्या उशाशी धरलं तर आकडा घरात असतो त्याच्या कितीतरी वर. भावाने विहिरीवरची मोटर सुरू केली तसा तो आणखी चढला. आमच्या बशीला याहून जास्त मिळतं, पण थोडा वेळच. इथे रोज रात्रभर डोकं टेकायचं होतं.

"धोका हाय का न्हाई, येवढंच सांग," आई म्हणाली.

"सांगता येत नाही."

"येवढं शिकून?"

मला राग आला. आईचा नाही, माझ्याच उत्तराचा. मी खाट उचलायला लावली आणि समोरच्या भिंतीला टाकली.

दुसऱ्या दिवशी दुपारी बघते तर डीपीकडच्या भिंतीशी गोधडी अंथरलेली आणि तिच्यावर माझी चार वर्षांची भाची गाढ झोपलेली. तिला आत्याजवळच झोपायचं होतं. डोकं थेट भिंतीला लागलेलं.

"वहिनी, इथे का झोपवलंत हिला?"

"धोका हाय आसं तुमी कुटं म्हनलात, ताई?"

मी पोरीला उचलून माझ्या खाटेवर घेतलं. म्हटलं, त्या भिंतीशी कुणीच झोपायचं नाही.

"आन मग बाळंतिनीपाशी कोन झोपनार?" आई म्हणाली. बाळंतिणीला एकटं ठेवत नाहीत आणि दुसरं अंथरूण मावेल अशी जागा तेवढीच होती. "मीच झोपते. माजं काय व्हायचं ऱ्हायलंय आता?"

मी तिचा हात धरला. "आई, धोका आहे. नक्की आहे." धडधडीत खोटं बोलले.

ती हसली. "काल तर सांगता येत न्हाई म्हनलीस." आणि गोधडीवर आडवी झाली.

बाळाला घेऊन मी पुण्याला परतले, त्यालाही आता बरेच दिवस झाले. आई अजून तिथेच झोपते. तिला ती खोली गार लागते. परवा फोनवर म्हणाली, हल्ली डोकं लई जड ऱ्हातं. मी म्हटलं, डॉक्टरला दाखव. भिंतीचं नाव तिनेही काढलं नाही, मीही नाही.